मशीनला नमस्कार

आमच्या शेगावकडच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, माझे वडील मशीनला तेलपाणी करत. दसऱ्याला जीन धुऊनपुसून निघायचं. मशीनला झेंडूचे हार, आंब्याचे डहाळे, शेंदराचं बोट. एरवीही कामाला लागायच्या आधी वडील मशीनला हात लावत आणि तोच हात कपाळाला. मलाही सांगत, "हात लाव त्याले. आपल्याले पोटाले देते ते." कापसाचे तंतू केसांत घेऊनच मी वाढलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अजूनही छाती फुगवून सांगतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. नागपूरला मुलाखत झाली आणि विलायतेत कारखान्यांतली सुरक्षितता शिकायला मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. स्टेशनवर सगळं जीन लोटलं होतं.

"एवढ्या दूर जाऊन काय शिकनार बे?" वडिलांच्या एका जोडीदारानं विचारलं.

"मशीनपाशी मानसाले इजा होऊ नये, ते."

"म्हंजे उरलेली बोटं मोजाची डिग्री!"

वडीलही हसले. गाडी हलली तसे मात्र डोळे पुसू लागले.

तिकडे पुस्तकात मी मागे नव्हतो. घात झाला तो प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत. वर यंत्र चालवणारा पट्टा फिरत होता, समोर लोखंड कातायचा लेथ. तपासणी सुरू करायची म्हणून मी पुढे झालो, लेथला हात लावला आणि कपाळाला नेला. परीक्षकांनी मशीन बंद केलं.

"चालत्या यंत्राला उघडा हात? या विषयात? बाहेर व्हा."

पुढच्या आठवड्यात एक संधी होती. तीही गेली असती तर पदवीशिवाय परत.

वर्गात पुण्याचा एकजण होता. त्यानं विचारलं, "काय हो, तुमच्या वऱ्हाडात यंत्रालाही शेंदूर फासतात?"

"फासतो. तुमच्याकडे फासायला यंत्रं तरी आहेत का?"

बोललो खरा, पण आठवडाभर घास गोड लागला नाही. नियम मला पाठ होते, पण हाताला कोण शिकवणार? डोळे मिटले की जीनची घरघर ऐकू यायची, सरकी गरम झाल्याचा वास यायचा, आणि वाटायचं, नमस्कार न करता मशीनपुढे उभं राहायचं म्हणजे घरच्यांना ओळख न दाखवता पुढे जाणं.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा तेच. लेथ सुरू झाला आणि उजवा हात आपोआप उठला. परीक्षकांची मान वळली. हात अर्ध्यावर होता, मागे घेववेना. मी लेथभोवतीच्या कठड्याबाहेरच थांबलो, डावा हात उचलून त्याला भेटवला आणि छातीशी जोडून मान लववली.

"हे काय?"

"नमस्कार. आमच्याकडे कामाआधी करतात."

"रोज?"

"रोज."

त्यांनी माझे जोडलेले हात आणि पट्टा यांतलं अंतर नजरेनं मोजलं. मग म्हणाले, "दोन्ही हात एकमेकांत, अंगाजवळ, पट्ट्यापासून लांब. आणि माणूस क्षणभर थांबतो. माझी हरकत नाही. चला, तपासणी सुरू करा."

मी पास झालो. पुण्याच्या गड्याची पहिलीच पाळी त्याच दिवशी, माझ्यानंतर होती. तो कठड्याशी थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडले.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "परीक्षेपुरतं हं."