हातभर अंतर

कारखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. अणुभट्टीत जाणाऱ्या इंधनाच्या नळ्या तपासायचं त्याचं काम. हातमोज्यातली बोटं तो नळीवरून अशी फिरवायचा, की शेजारचे हमखास विचारत, "काय डॉक्टर, नाडी लागते का?" केसाएवढा ओरखडाही त्याला सापडे. नव्या युरेनियमच्या नळ्यांचा किरणोत्सर्ग मंद. त्यांना असं जवळ घेतलं तरी चालायचं.

मग वापरलेल्या इंधनातून पुन्हा घडवलेल्या नळ्या आल्या. दिसायला अगदी तशाच. पण यांचा किरणोत्सर्ग कितीतरी जास्त, आणि पडून राहिल्या की आणखी वाढणारा. त्या जाड काचेआडून, लांब चिमट्याने तपासायच्या. नियम त्याला तोंडपाठ होता. पण शंका आली की मान आपोआप काचेच्या कडेबाहेर जाई.

हे सगळ्यांत आधी कळलं त्याच्या बायकोला. कामगारांच्या छातीवरचे, किरणोत्सर्ग टिपणारे बॅज महिनाअखेरीस तिच्याकडे येत. कोणाला किती डोस बसला हे यंत्रावर बघणं ही तिची नोकरी. त्याचा आकडा इतरांच्या कितीतरी पुढे निघाला. तरी तिने तो होता तसा कळवला. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर डॉक्टरांना गोदामात बसवू.

"घरच्या माणसाला तरी सांभाळून घ्यायचंस," संध्याकाळी तो पुटपुटला.

"तेच करतेय."

"लांबून काही कळत नाही गं. हात बांधल्यासारखं वाटतं."

तिने विणकामाच्या सुया टेबलावर मांडल्या. एकीवर तिने टाचणीने ओरखडा काढला होता. त्याला पलीकडे उभं केलं. "शोधा. हात मागे."

तो चुकला, चिडला, पुन्हा पुढे वाकला. तिने एका बोटाने त्याचं कपाळ मागे सारलं आणि दिवा थोडा थोडा कलता करत राहिली. प्रकाश अगदी आडवा पडला, तशी एका सुईवर बारीक सावली उमटली.

"थांब," तो म्हणाला. "ही."

दुसऱ्या दिवशी त्याने काचेमागचा दिवा तसाच आडवा लावून घेतला.

पुढच्या महिन्यात त्याचा बॅज तिने सगळ्यांत शेवटी यंत्रात सरकवला. आकडा इतरांसारखाच निघाला.

ती घरी आली तेव्हा तो दारातच उभा होता. विचारायचा धीर होत नव्हता.

"गोदाम नाही," ती म्हणाली.

तो जागचा हलेना.

"अहो, माझ्यापासून कशाला लांब?"

तेव्हा कुठे त्याने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली.