गावरान टोमॅटोचं बी

"काका, गावरान देऊ की संकरित?" बियाण्यांच्या दुकानदाराने विचारलं.

आमच्या गच्चीवर दरवर्षी गावरानच असायचा. चपटा, आंबट, सालीला भेगा पडलेला. मी कुरकुरायचो, "एखाद्या वर्षी गुळगुळीत लाव ना!" बायको म्हणायची, "मला सार करायचंय, आरास नाही मांडायची."

पिकल्या टोमॅटोचं बी ती वर्तमानपत्रावर पसरून वाळवायची आणि तो कागद घडी करून कपाटावर ठेवायची. ती गेल्यावर घर आवरताना मी सगळी रद्दी देऊन टाकली. त्यात ती घडीही गेली. माणसामागे काय जपायचं, हे देऊन टाकल्यावरच कळतं.

आता मला हवा तो टोमॅटो लावता येईल.

"गावरानच द्या," मी म्हणालो.

पाकिटावरच्या चित्रात एकही भेग नव्हती.