आवाज डावीकडं की उजवीकडं

माझी बदली घाटनांदूरच्या शाळेत झाली आणि अंबाजोगाईहून रोज जाण्यायेण्यासाठी एक जुनी चारचाकी घ्यायचं ठरलं. नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान आहे. तिथल्या एका गिऱ्हाइकानं माजलगावची एक गाडी सुचवली. मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, डोळ्यांच्या त्रासामुळं गाडी विकायला निघालेले. आम्ही एका रविवारी सकाळीच एसटीनं माजलगाव गाठलं.

काका दारातच उभे होते. लहानशी पांढरी गाडी धुऊन पुसून अशी ठेवली होती की मला आवडूनच गेली. मी नुकतीच गाडी शिकलेली. इंजिनातलं मला काही कळत नव्हतं आणि तसं मी घरून निघताना नवऱ्याला सांगितलंही होतं. चहा झाला, टायर बघून झाले, मग चक्कर मारायला निघालो. नवरा गाडी चालवायला, शेजारी काका. काकूंना बाजारात उतरायचं होतं म्हणून त्या माझ्याबरोबर मागं बसल्या.

साखर कारखाने सुरू झालेले. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची पार चाळण केली होती. गाडी हळू झाली आणि मला पुढून आवाज आला. कट्. मग कट्‌कट्.

"हा कशाचा आवाज?" मी विचारलं.

"कोणता?" नवरा आणि काका एकदमच म्हणाले.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्याकडं न वळता त्यांनी हळूच विचारलं, "आला का तुला?"

मी मान हलवली. बाजार आला तरी त्या उतरल्या नाहीत.

मग मी चालवायला बसले, नवरा मागं काकूंशेजारी गेला. आता आवाज उजवीकडून यायला लागला. मागं बसले होते तेव्हा तो डावीकडचा वाटला होता. मोठ्या गतिरोधकावर गाडी चढवली, तिथं काहीच नाही. पुढं बारीक खडी लागली की पुन्हा कट्‌कट्. काच खाली केली तर वाऱ्यात काही कळेना, वर केली तर माझ्याच बांगड्या वाजतायत का असं वाटायला लागलं. मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या.

"अगं, रस्ताच असलाय," नवरा म्हणाला. "तुला वाटायलंय."

काकांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून दोन्ही हातांनी बॉनेट दाबून दाबून गाडी हलवली. "ऐका आता. हाय का काही?"

काहीच नव्हतं. मी ओशाळले. भल्या माणसाच्या गाडीला आपण उगीच नावं ठेवतोय असं मला वाटलं. पण काकांनाच चैन पडेना. ते म्हणाले, "न्हाई, संशय नको. मेस्त्रीला दाखवू."

तेलगाव रस्त्यावरच्या मेस्त्रीनं एकट्यानं चक्कर मारली आणि आल्या आल्या सांगितलं, "लिंक रॉड गेलाय. उजवीकडचा." चाकाजवळचा हातभर लांबीचा तो दांडा त्यानं तिथंच बदलला. पुन्हा मीच चालवायला बसले आणि आम्ही निघालो.

"गेला," काका म्हणाले.

"कमी झाला," नवरा म्हणाला.

मला तर तो तसाच ऐकू येत होता. पण आता ते बोलायची हिंमत होईना. नवीन सामान टाकल्यावर आवाज कसा राहील? मग मी ऐकतेय ते काय आहे?

तेवढ्यात काकू मोठ्यानं म्हणाल्या, "तसाच हाय."

"तुझ्या कानाचं मला सांगू नको," काका मागं न बघता म्हणाले.

"वरीस झालं सांगायलेय तुमाला." काकू पुढं वाकून मला सांगायला लागल्या. "बीडला नेऊन माझे कान तपासले यांनी. डॉक्टर म्हणला, कान चांगले हायेत. तर हे म्हणाले, मंग तुझ्या मनात हाय. मलाबी वाटाया लागलं, आसंल मनात. गाडीत बसायचंच सोडलं मी, आज तू हायेस म्हून बसले."

खडीवर पुन्हा कट्‌कट् झालं. ह्या वेळी मी आरशात काकूंकडं बघितलं आणि त्यांनी माझ्याकडं.

दुसऱ्या गॅरेजमध्ये जमिनीत खड्डा होता. त्यावर गाडी उभी केली की खाली उतरून सगळं बघता येई. तिथला मेस्त्री घाई करणारा नव्हता, पण तोही गोंधळला. नवरा आणि काका वरून गाडी हलवत होते आणि तो खालून एकेका भागावर हात ठेवून बघत होता. "शॉकअपचं माउंटिंग आसंल. न्हाईतर लोअर आर्म. मला दोन्हीकडं लागायलंय. नक्की सांगता येईना."

"मी येऊ का खाली?" मी विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विहिरीत उतरते म्हणाले. साडी खोचून मी पायऱ्या उतरले. खाली ग्रीसचा वास आणि अंधार. मेस्त्रीनं बॅटरी धरली. मी आधी स्प्रिंगवर हात ठेवला. काही नाही. नव्या लिंक रॉडवर ठेवला. अगदी बारीक थरथर. मग डाव्या बाजूचा आडवा लोखंडी आर्म जिथं चाकाला जोडलेला असतो, तिथं ठेवला. वरून गाडी हलली आणि माझ्या तळहाताला ठोका बसला.

गंमत म्हणजे कानाला आवाज उजवीकडूनच येत होता. ठोका मात्र डावीकडं. कानावर विश्वास ठेवावा की हातावर, मला कळेना. मी दोनतीनदा हात काढून पुन्हा ठेवला.

मेस्त्रीनं तिथं टामी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून वर उचललं. सांधा डोळ्यांना दिसेल इतका हलला. मेस्त्रीच्या तोंडावरचा रंगच बदलला. "काका, ह्या सांध्यातला बॉल निसटला आसता तर चालत्या गाडीचं चाक आडवं झालं आसतं."

पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला आणि काकू खाली आल्या. त्यांनीही हात ठेवला. "हलवा," त्या वर बघून म्हणाल्या. गाडी हलली. काकूंनी हात काढला नाही. "हेच. हेच हाय."

आम्ही वर आलो तेव्हा काका एका जुन्या टायरवर बसले होते. "मागल्या महिन्यात पाव्हण्यांना घेऊन कपिलधारला गेलतो यातून," ते म्हणाले. "लेकरं होती गाडीत." मग काकूंकडं बघून म्हणाले, "चुकलं माझं."

काकूंनी हाताला लागलेलं ग्रीस फडक्यानं पुसलं. "जाऊ द्या. दुरुस्त करा आदी."

दोन्हीकडचे आर्म बदलले. चक्कर मारली, खडीवरून, खड्ड्यांतून, मुद्दाम वाकडी तिकडी. शांत. नवरा लगेच घ्यायला तयार झाला. मला मात्र काही ठरवता येईना. आवाज सापडला म्हणून ही गाडी आता चांगली, की असा आवाज निघाला म्हणून वाईट? अजून काय काय निघेल? मी काकूंना बाजूला नेऊन विचारलं, "तुमी माझ्या जागी आसता तर घेतली आसती का?"

त्यांनी विचार केला. "काय सांगावं, मलाच कळंना. आवाज गेलाय एवढं खरं."

शेवटी आम्ही ती घेतली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. परत येताना नवरा चालवत होता. धारूरच्या घाटात वळणावर मला पुढून काहीतरी ऐकू आलं. खटका नव्हता, वेगळंच काहीतरी, बारीक किणकिण. मी पुढं वाकून पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "थांबव."

त्यानं गाडी कडेला घेतली. "कुठं आला?"

"डावीकडं. का उजवीकडं, नक्की न्हाई."

तो उतरला, गुडघ्यावर बसून दोन्ही चाकांमागं वाकून बघितलं, बॉनेट उघडून हात घातला. काहीच सापडलं नाही. मागून उसाची ट्रॉली हॉर्न वाजवत गेली.

"आलता ना पण?" हात झटकत त्यानं विचारलं.

"आलता."

"मंग उद्या दाखवू," म्हणत तो गाडीत बसला, आणि आम्ही घाट उतरायला लागलो.