रिकामं करणं

मेहरूणच्या आमच्या इमारतीत आज आगीची तालीम झाली. जिन्यातल्या पाटीवर ‘इव्हॅक्युएशन’ वाचलं आणि धुळ्यातली देवपूरची शाळा आठवली. माझ्या लहानपणी पांझरेला पूर आला, तेव्हा पोलिसांनी आमची सगळी गल्ली तिथे हलवली होती. वर्गात ओल्या सतरंज्यांचा आणि खिचडीचा वास दाटला होता.

पोलिसांच्या तोंडून ऐकलेला शब्द शेजारच्या अक्कांनी वडिलांना विचारला, “भाऊ, इव्हॅक्युएशन म्हनजे काय शे?”

वडील इंग्रजी शिकवायचे. म्हणाले, “मूळ लॅटिन शब्द, अक्का. म्हणजे रिकामं करणं. माणसांना नाही, जागेला.”

अक्का हसल्या. “मंग घर रिकामं व्हयनं. आपन बठ्ठा आठेच शेतस.” आपण सगळे इथेच आहोत, असं म्हणत त्यांनी भरलेल्या वर्गाकडे हात केला.

मला तेव्हा घरी जायची घाई झाली होती. पुढे अक्का गेल्या, वडील गेले, मुलं परदेशी गेली. आता माझं घर कोरडं आहे आणि दिवसभर त्यात कुणी बोलत नाही.