मापावरची धार

ज्या हाताने चाळीस वर्षे घरोघरी दूध घातले आणि मापात कधी हात आखडता घेतला नाही, त्या हाताची ही कथा. माप काठोकाठ भरावे, गिऱ्हाइकाच्या पातेल्यात रिते करावे आणि वरून आणखी एक धार सोडावी, हीच त्या दूधवाल्याची पूजा, हेच त्याचे नामस्मरण. देवाच्या दारी उणे माप घेऊन जायचे नाही, एवढेच त्याचे अध्यात्म!

आता धंदा थांबला होता, आणि अंगणात त्याच्या गाडीचे बॉनेट उघडे होते. तीन आठवडे चालकासमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. गॅरेजवाल्याकडून उसने आणलेले दोष शोधणारे यंत्र जोडावे तेव्हा एकच सांगे: टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या व्यवस्थेत दोष. दिवा विझल्याविना प्रदूषण तपासणी केंद्र दाखला देणार नव्हते, आणि जुन्या दाखल्याची मुदत सोमवारी संपत होती. बायकोचा नवा गुडघा आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यावा लागे. बसची पायरी तिला अजून चढवत नव्हती.

त्याने टाकीचे झाकण बदलले. दिवा तसाच. एकेक नळी वाकवून चिरा शोधल्या. नळ्या धड. इंजिनाजवळची झडप सोडवून तोंडाने फुंकली. बंद झडपेतून हवा जाऊ नये, आणि गेलीही नाही.

"सगळेच साधुसंत!" त्याने पाना आपटला. "मग पाप करतंय तरी कोण?"

"ओरडू नका, गाडी घाबरेल," स्टुलावर पाय ठेवून बसलेली बायको म्हणाली. "आधीच पेट्रोल भरलं की सुरू व्हायला रडते बिचारी."

"काय म्हणालीस?"

"पेट्रोल भरलं की. एरवी नाही. पन्नासदा सांगितलं, पण माझं ऐकतंय कोण!"

तो चडफडत गाडीखाली शिरला. टाकीमागे कोळशाच्या दाण्यांचा एक काळा डबा असतो. वाफ तेवढी धरून ठेवायची, हे त्याचे व्रत. डबा फुलासारखा हलका असायला हवा. काढला तर वजनाने हात खाली ओढला गेला. हलवला, आत खळखळले. कलंडला, तर पेट्रोलची धार लागली.

"अगं, यात पेट्रोल आलं कुठून?"

"तुम्हीच घातलंत. पंपाची नळी खट्‌कन बंद होते, भरणारा हात काढतो, आणि तुम्ही म्हणता, 'दादा, वरची एक धार राहिली की!' भरल्या टाकीत ती मावणार कुठं? उतरते या डब्यात."

तो डबा घेऊन गाडीखालून बाहेर आला.

"म्हणजे... मीच?"

"चाळीस वर्षांत तुम्हाला कुणी पुरे म्हटलं नाही हो. या डब्याने म्हटलं."

गॅरेजवाल्याने भंगारातून चांगला डबा शोधून दिला. तो बसवला, यंत्राने दोष पुसला, दोन दिवस गाडी फिरवली. दिवा पुन्हा पेटला नाही. सोमवारी दाखला मिळाला, आणि व्यायामाला जाता जाता दोघे पंपावर थांबले.

खट्‌! नळी बंद झाली. त्याचे तोंड उघडले. काचेआडून बायकोचे दोन डोळे त्याच्यावर रोखलेले.

"बस, दादा," तो कसाबसा म्हणाला.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. तरी तो पुटपुटतच होता, "माप उणं गेलं. जिवाला बरं वाटत नाही."

"घरी गेल्यावर माझ्या दुधाच्या पेल्यात घाला ती धार," ती म्हणाली. "सांडली तरी मी दिवा लावणार नाही."