बटणावरचं बोट

टाचणीकाकूंच्या तोंडात टाचण्या असल्या की त्यांना काही विचारायचं नाही, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाची पँट लांब, कुणाचा कोट कमरेत सैल, कुणाची चेन अडकलेली. काकू ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाभोवती गुडघ्यांवर फिरायच्या आणि "हं", "उंहूं" एवढ्यावर सगळा व्यवहार उरकायच्या. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. शिलाई मशीन, इस्त्री, उंच आरसा, आणि अलीकडे आरशाशेजारी एक खुर्ची. त्या खुर्चीत काका.

काका लिफ्टमन होते. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत सगळी नोकरी त्यांनी स्टुलावर बसून काढली, आणि बटणाला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही. खुद्द मोठ्या साहेबांनी घाईत हात पुढे केला तरी म्हणायचे, "साहेब, तुम्ही मजला सांगा. बटण माझं." घरी काकू चिडवायच्या, "जन्मभर वर-खाली केलं आणि शेवटी पोचलात कुठे? तळमजल्यालाच!" काका हसायचे.

निवृत्त होऊन वर्षही धड झालं नाही, तोच एका सकाळी दाढी करता करता झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. देवाच्या दयेने पाय ओढत का होईना चालू लागले. जीभ जड झाली, तरी बोलणं कळायचं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याच कुणाचा तरी सांभाळायला ठेवल्यासारखा.

व्यायाम करून घेणारी ताई स्पष्ट बोलणारी होती. "काकू, बोटांत जीव आहे. पण हे सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका. त्यांनी स्वतःहून हात वापरला तर ठीक, नाही तर तो असाच आखडून बसेल. मी आठवड्यातून दोनदा ओढून किती ओढणार?"

तिने दाबायला रबरी चेंडू दिला. काका त्याच्याकडे बघेनात. "मी काय बाळ आहे?" काकूंनी समजावून सांगितलं, रागावून पाहिलं, एकदा देवापुढे बसून मनसोक्त रडूनही घेतलं. हात जिथल्या तिथे.

त्यातून ताईकडे जायचं म्हणजे शहराचं दुसरं टोक. काकांना चढवायला-उतरवायला लागणारा वेळ बघितला की टॅक्सीवाले तोंड फिरवायचे. लेक नोकरीसाठी दूरदेशी गेली तेव्हा तिची गाडी खाली उभी करून गेली होती. शेवटी केस पांढरे झाल्यावर काकूंनी कंबर कसली आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

तिथली गाडी त्यांच्याहून थकलेली. क्लच जरा लवकर सुटला की आचके देऊन बंद. परीक्षेत चढावर ती इतक्यांदा बंद पडली की परीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही गाडीला घाबरता की गाडी तुम्हाला?" त्या कशाबशा पास झाल्या, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गाडी बंद पडली म्हणजे चूक आपली. मशीनवरही तसंच असतं. आवाज थांबला की समजायचं, दोरा तुटला.

आणि लेकीची गाडी निघाली शहाणी. पहिल्याच सिग्नलला काकूंनी न्यूट्रल केलं, क्लच सोडला, आणि इंजिन गप्प.

"अहो, बंद पडली!"

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी लेक फोनवर हसून हसून दमली. "आई, ती मुद्दाम बंद होते गं, पेट्रोल वाचावं म्हणून. क्लच दाबलास की आपोआप सुरू होईल. किल्लीला हात लावूच नकोस."

"मला न विचारता ती बंद होतेच कशी?"

"बरं, मग गिअरच्या पुढे एक बटण आहे, गोल बाण काढलेलं. ते दाबून दिवा लागला की नाही होणार बंद. पण गाडी सुरू करशील तेव्हा दर वेळी दाबायचं हं. तिच्या लक्षात राहत नाही."

"तिच्याही नाही, माझ्याही नाही. छान जोडी जमली."

खरंच राहायचं नाही. काकांना बसवा, त्यांचा पाय आत घ्या, पट्टा लावा, काठी मागे टाका, आपला पट्टा लावा, डोळे मिटून देवाचं नाव घ्या. एवढं होईतो बटण विसरलेलं असायचं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी युक्ती सांगितली, "एसी मोठा ठेवा, मग बंद होत नाही." चार दिवस दोघं भर उन्हात स्वेटर घालून फिरली. काकांना शिंका सुरू झाल्या तेव्हा ते सोडून दिलं.

मग मोठ्या चौकातला तो दिवस आला. इंजिन गप्प झालं आणि काकूंच्या हाताने सवयीने किल्ली फिरवली. घाईत गिअर टाकला नि क्लच एकदम सुटला. गाडीने उडी मारली आणि आता खरोखरच बंद पडली. हिरवा दिवा येऊन गेला. मागे हॉर्नचा नुसता गलका. बसचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काकू, झोप झाली असेल तर निघा की!"

कशीतरी गाडी कडेला घेऊन काकूंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "मला नाही जमायचं हे. बास झालं. उद्यापासून कुठे जायला नको नि यायला नको."

त्या दिवशी काका खिडकीबाहेर बघत नव्हते. काकूंकडे बघत होते.

घराजवळच्या मेकॅनिकने काकूंना धीर दिला. "एक छोटा भाग मागवतो. तो आतून जोडला की ते बटण एकदाच दाबायचं, मग गाडी आपोआप बंद होणार नाही. पुढच्या आठवड्यात या." तेवढ्या आशेवर काकू पुन्हा गाडीत बसल्या.

पट्टे लावून झाले, डोळे मिटून झाले, किल्ली फिरवली. तेवढ्यात शेजारून जोराचा श्वास ऐकू आला. बघतात तर काकांचा उजवा हात मांडीवरून निघाला होता. गिअरच्या कडेकडेने, गोगलगायीसारखा.

"काय हवंय? पाणी देऊ?"

"गप... बस."

बोट बटणावर गेलं, घसरलं. पुन्हा गेलं, पुन्हा घसरलं. त्यांचाच डावा हात मदतीला पुढे आला तर काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मोठे साहेबच घुसले होते लिफ्टमध्ये. काकूंचा हात शिवशिवला. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. ताईकडची वेळ टळत होती. टळू दे.

शेवटी काकांनी सगळा खांदा त्या बोटामागे लावला. दिवा लागला.

"झालं. चल."

"अहो..."

"रस्त्याकडे बघ!" काका खेकसले. कितीतरी दिवसांनी खेकसले. काकूंना ते गाण्यासारखं वाटलं.

त्या आठवड्यात काकूंना वाटेत फार कामं निघू लागली. दोऱ्यासाठी थांबल्या, गाडी बंद, गाडी सुरू, बटण. अस्तरासाठी थांबल्या, पुन्हा बटण.

"दोरा... परवाच घेतलास," काका म्हणाले.

"तो काळा होता."

"हाही काळाच आहे."

"इतकं बघता, तर जरा भराभर दाबा ना."

ताईने बोट सरळ करून पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "काका, चेंडू मनावर घेतलाय वाटतं!"

"हट्!" काका म्हणाले. काकूंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी त्या गप्प राहिल्या.

ठरल्या दिवशी मेकॅनिक काडेपेटीएवढा भाग हातात घेऊन आला. "लावून टाकतो. काकांना उतरवायचीही गरज नाही."

काकूंनी समोरच्या काचेतून आत पाहिलं. काका सरळ पुढे बघत होते, काही ऐकू येत नसल्यासारखं तोंड करून. उजवा हात मात्र आधीच गिअरपाशी जाऊन बसला होता.

"नको," काकू म्हणाल्या. "राहू दे."

"अहो काकू, मग दर वेळी दाबत बसावं लागेल!"

"म्हणूनच नको, बाबा."

मेकॅनिकला काही उलगडा झाला नाही. काकू आत बसल्या, देवाचं नाव घेतलं, किल्ली फिरवली. हवा गार होती, बोट आज आणखीनच ताठलं होतं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. गॅरेजच्या अरुंद बोळात मागे कुणाची तरी मोटार अडकली आणि तिने हॉर्न दिला. मग लांबलचक हॉर्न दिला.

काकूंनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"थांबा जरा," त्या ठणकावून म्हणाल्या. "आमचे हे बटण दाबतायत."