ओझरकाका आणि जपानी दगड

ओझरकाका दुसऱ्याच्या डोक्यावरचा केस न विचारता उपटायचे. देवळाली कॅम्पातल्या माझ्या सलूनमध्ये कुणी पेपर वाचत बसला असला, की हे मागून जायचे, एक केस खुडायचे आणि आपल्या वस्तऱ्याच्या धारेवर नुसता टेकवायचे. केस आपोआप तुटला तर धार पास. स्वतःच्या डोक्यावर एकही नसल्यामुळे त्यांचा हा सगळा कारभार गिऱ्हाइकांच्या जिवावर चाले. जवानांचे केस चिमटीत येत नसत. एकदा मात्र त्यांनी एका सुभेदारसाहेबांचाच ओढला. मी डोळे मिटून घेतले. काका शांतपणे म्हणाले, “कलप लावलेला केस चालत नाही,” आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.

ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची हयात हत्यारांना धार लावण्यात गेली होती, म्हणून ते ओझरकाका. निवृत्तीनंतर कॅम्पात राहायला आले आणि माझ्या दुकानावर त्यांची वक्रदृष्टी पडली. मी सगळ्यांसारखं अर्धं ब्लेड लावून दाढी करतो आणि ते फेकून देतो. काकांच्या मते ही दाढी नव्हतीच. “तू गिऱ्हाईक सोलतोस,” ते म्हणायचे, तेही गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

त्यांची मुलगी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानमध्ये होती. येताना काय आणू, असं तिनं विचारलं. काकूंनी चांगला कॅमेरा सुचवला. काकांनी दगड मागितला. तिकडच्या डोंगरातून काढलेला, धारेचा, अस्सल. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडल्यावर तिथल्या माणसानं तिला विचारलं म्हणे, की नाशिकला डोंगर कमी पडले का.

दगड होता विटेएवढा, राखाडी, आणि त्याचा थाट देव्हाऱ्यातल्या देवाचा. त्यावर चार थेंब पाणी टाकून काका त्याच जातीचा एक छोटा तुकडा घासायचे. दुधासारखी साय उठायची. मग वस्तरा सपाट धरून हळूहळू फिरवायचे. एकदा सुट्टीला आलेल्या नातवाला सर्दी झाली आणि काकूंनी त्या दगडावर जायफळ उगाळलं. काका भांडले नाहीत. फक्त महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, की माझ्या दाढीला श्रीखंडाचा वास येतो.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. धार लावणं आमच्या घराण्यातलंच, पण आजोबांबरोबर संपलेलं. त्यांचा वस्तरा परजायचा चामडी पट्टा तेवढा उरला होता, आणि तो वडिलांनी आम्हा भावंडांवर वापरला. पहिले कितीतरी सोमवार मी वस्तऱ्याची वाट लावली. काका एकच सांगायचे, “दाबू नकोस. आवाज ऐक.” साय जसजशी बारीक होत जाते तसतशी खरखर मऊ पडते. मला ती ऐकू यायला पावसाळा उलटला.

मग एका सोमवारी काकांच्या हनुवटीवर कापूस दिसला. मांजरीनं ओरबाडलं म्हणाले. घरात मांजर नव्हती. त्यांनी चहा हातात घेतला तेव्हा कप बशीवर वाजत राहिला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. काकांनी वस्तरा माझ्यापुढे सरकवला. “आजपासून तू.”

खऱ्या वस्तऱ्यानं मी कुणाची दाढी केली नव्हती. दाबायचं नाही, आवाज ऐकायचा, एवढंच धरून सुरुवात केली. गळ्याशी आलो तेव्हा लक्षात आलं, की काका घोरतायत. आयुष्यात कुणाला शाबासकी न दिलेला माणूस माझ्या वस्तऱ्याखाली मान टाकून झोपला होता.

गेल्या वर्षी मुलगी पुण्याला परतली आणि दोघांना घेऊन गेली. डॉक्टरांनी घरात धारदार काही ठेवू नका सांगितलं, म्हणून वस्तरा आणि दगड माझ्याकडे आले. काका व्हिडिओ कॉलवर फोन दगडाजवळ धरायला लावत. आवाज ऐकून चुका काढत. प्रत्येक कॉलला त्यांची दाढी वाढलेली दिसे. शेवटी मुलीचाच फोन आला. पुण्यातल्या तीन सलूनवाल्यांना त्यांनी अपमान करून परत पाठवलं होतं, इलेक्ट्रिक मशीन बादलीत टाकलं होतं, आणि आता सोसायटीतल्या बायका त्यांना नमस्कार करू लागल्या होत्या.

सोमवारी सकाळच्या एसटीनं पुण्याला गेलो. छातीपर्यंतची पांढरी दाढी आधी कात्रीनं उतरवली, मग वस्तरा लावला. खालून निघालेला चेहरा फार लहान होता. काका झोपले नाहीत. सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. तुरटी फिरवून झाल्यावर त्यांनी थरथरता तळहात गालावरून सावकाश फिरवला आणि परतीची गाडी कितीची, ते विचारलं.

“पाचची, काका.”

“मग पुन्हा एक हात मार. अर्धी दाढी तशीच आहे.”

गालावर एकही केस नव्हता. मी ब्रश ओला केला आणि पुन्हा साबण लावायला घेतला.